साथ करणाऱ्याने एकट्याने वाजवले तेव्हा

आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. लखनौत अशा खोलीला बरसाती म्हणतात. गेली दोन वर्षे तिथे एक विशीतला मुलगा भाड्याने राहतो. दिवसा तो एका दुकानात हिशेब बघतो आणि रात्री एक जुना लॅपटॉप, दोन सप्तकांचा कीबोर्ड आणि हेडफोन एवढ्या सामानावर संगीत करतो. माइक लावायचा असेल तेव्हा कूलर बंद ठेवतो, कारण कूलरची घरघर मुद्रणात येते. मागच्या मे महिन्यात एका रात्री तो घाम पुसत खाली आला, हेडफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आंटी, ज़रा सुन लीजिए. यमन बनाया है. बस इतना बता दीजिए कि ये राग है या नहीं."

मी गाणारी नाही. शाळेत असताना चार वर्षे पेटी शिकले, ती भाषांतराच्या धंद्यात सुटली. तरी ऐकले. तीव्र मध्यम जागेवर होता, निषाद-रिषभाची चाल ओळखीची होती, खाली तबल्याचे विकत मिळणारे नमुने एकाला एक जोडून ठेका केला होता. "स्वर यमनचेच आहेत," मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि हेडफोन परत घेतला. हे उत्तर टाळण्याचे उत्तर आहे, हे त्याला कळले होते.

त्याच्या प्रश्नाला मी देऊ शकले नाही ते उत्तर एका ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने शोधावे, असा या लेखाचा हेतू आहे. ही ध्वनिमुद्रिका म्हणजे चरणजीत सिंग यांची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. १९८२ साली मुंबईत ती तयार झाली आणि एचएमव्हीच्या नावाने बाजारात आली. दहा राग, प्रत्येकी पाच मिनिटांच्या आसपास, एकच वादक आणि त्याच्यासमोर रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचे यंत्र. यंत्रे घरी जुळवून, सराव करून, मग कंपनीच्या स्टुडिओत जाऊन केलेले हे काम आहे. आज लॅपटॉपवर एकटा बसून जो संगीत करतो त्याच्या कामाची पद्धत इथे जवळजवळ पूर्ण दिसते. ठोका यंत्राचा, खर्ज यंत्राचा, सूर यंत्राचा आणि हात एका माणसाचे.

ध्वनिमुद्रिका चालली नाही. जवळजवळ वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एडो बाउमन या डच संग्राहकाला ती भारतात जुन्या तबकड्यांत सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. तेव्हा युरोपात खळबळ उडाली. कारण टीबी-३०३च्या त्या ओलसर, चिरकत जाणाऱ्या आवाजावर शिकागोमध्ये 'अॅसिड हाउस' नावाचा नाचाच्या संगीताचा अख्खा प्रकार उभा राहिला होता. त्याची आद्य मानली जाणारी तबकडी, फ्यूचर या गटाची 'अॅसिड ट्रॅक्स', १९८७ची. मुंबईतल्या एका वादकाने तोच आवाज पाच वर्षे आधी काढला होता! ही बनावट असावी, असा संशयही काहींनी घेतला. ती खरी आहे असे ठरल्यावर चरणजीत सिंग यांना 'अॅसिड हाउसचा जनक' हे बिरुद मिळाले. उतारवयात त्यांना परदेशात वाजवायला बोलावणी आली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

भाषांतर करणाऱ्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटते. आपल्याकडचे एखादे पुस्तक इंग्रजीत जाते, तिथे कुणा पाश्चात्त्य लेखकाच्या आधीचा अमुक म्हणून नावाजले जाते आणि मग तीच ओळख घेऊन आपल्याकडे परत येते. आपणही ते त्याच ओळखीने वाचू लागतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले काम असेच परत आले. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत त्यावर काम केले. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल परगस या ब्रिटिश कलावंताने त्या बाहेर काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा आपल्या इतिहासात हे पान होते हे आपल्यापैकी बहुतेकांना कळले. परगस आणि बाउमन यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण त्यांनी पान शोधून दिले म्हणून ते वाचायचेही त्यांच्याच चष्म्याने, असे नाही.

अॅसिड हाउसची फूटपट्टी या ध्वनिमुद्रिकेला लागत नाही. शिकागोच्या मुलांनी ३०३ची बटणे वाजता वाजता फिरवली. आवाज उघडत, मिटत, किंचाळत गेला आणि जो बेस पाठीमागे असायचा तोच समोर येऊन गायला लागला. चरणजीत सिंग यांच्याकडे बेस शेवटपर्यंत बेसच राहतो. समोर ज्युपिटर-८ आहे, त्यावर राग चालला आहे, आणि ३०३ त्याला साथ करतो आहे. यंत्र एकच असले तरी दोन्हीकडचा व्यवहार उलटा आहे. 'आधी कुणी केले' या प्रश्नाच्या नादात हा फरक नजरेआड होतो, आणि माझ्या मते या कामाचा सगळा अर्थ या फरकात आहे.

टीबी-३०३ कशासाठी बनला होता ते पाहिले की हे स्पष्ट होते. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला किंवा एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याला बेस गिटारवाला परवडत नाही, मिळत नाही. त्याची जागा या पेटीने भरून काढावी, अशी कल्पना होती. म्हणजे साथीदाराच्या बदली यंत्र. ते त्या कामात साफ नापास झाले. त्याचा आवाज बेस गिटारसारखा नव्हता आणि त्यात सुरावट भरणे हा डोकेफोडीचा उद्योग होता. सुमारे दहा हजार यंत्रे बनवून १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केले. पुढे ती जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागली म्हणूनच शिकागोच्या मुलांच्या हाती लागली.

चरणजीत सिंग पेशाने कोण होते? मुंबईच्या चित्रपटसंगीतातले साथीदार. राहुल देव बर्मन यांच्यासह अनेकांच्या वाद्यवृंदात त्यांनी बेस गिटार वाजवले, इलेक्ट्रॉनिक कीबोर्डे वाजवली. त्या वाद्यवृंदात गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले होते, सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक होते, पंजाब-बंगालचे लोक होते. गाण्याच्या तबकडीवर यांतल्या बहुतेकांची नावे नसत. अशा माणसाने बेसवाल्याला हटवण्यासाठी बनवलेले यंत्र विकत घेतले, त्याला आपल्या जागी बसवले आणि स्वतः उठून समोरच्या जागेवर जाऊन बसला. साथ यंत्राला दिली आणि आपले नाव आणि आपले राग एका तबकडीवर लिहिले. मला या ध्वनिमुद्रिकेतली खरी घटना ही वाटते. अॅसिड हाउसचा जन्म वगैरे नंतरच्या गोष्टी.

आता ती ऐकू या, रागाच्या बाजूने. इथे मला आमच्या लखनौचाच आधार आहे. कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्यात जे संगीत विद्यापीठ आहे, ते १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झाले आणि आज भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाते. वाळकेश्वरला वाढलेला, वकिली शिकलेला हा मराठी माणूस गावोगाव हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवतो, 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चे चार भाग मराठीत गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहितो, आणि त्यातून उभी राहिलेली शाळा वसते ती अवधच्या नवाबाच्या वास्तूत. पुढे ते ग्रंथ हिंदीत गेले आणि उत्तरेत हिंदीतच वाचले जातात; मूळ मराठी आहे हे इथल्या विद्यार्थ्यांना सांगितले की नवल वाटते. श्रीकृष्ण रातंजनकरांनी हे कॉलेज अनेक वर्षे चालवले, तेही मुंबईहून आलेले.

भातखंड्यांची स्वरलिपी समोर ठेवली आणि टीबी-३०३मध्ये सुरावट कशी भरतात ते पाहिले तर गंमत वाटते. ३०३मध्ये स्वर आणि काल वेगवेगळे भरावे लागतात. आधी एकामागून एक स्वर, मग दुसऱ्या खेपेला त्यांचा काल: कुठे नवा स्वर, कुठे आधीचाच लांबवायचा, कुठे शांतता. एका आकृतीत सोळा घरे. प्रत्येक घराला दोन जादा खुणा देता येतात: इथे जोर द्या, इथून पुढच्या स्वराकडे सरका. भातखंड्यांच्या ओळीतही वर स्वर, खाली तालाच्या खुणा, लांबवलेल्या स्वराला रेघ, मींड असेल तिथे दोन स्वरांवर कमान. त्रितालाच्या मात्राही सोळाच. साठ वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या गरजांतून निघालेली ही दोन कोष्टके एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की चरणजीत सिंग यांना राग यंत्रात भरताना परके वाटले नसावे.

पण कोष्टकात जे मावत नाही त्यावरच राग उभा असतो, अशी तक्रार भातखंड्यांवरही झाली होती. स्वरलिपीतली कमान सांगते की इथे मींड आहे. ती किती वेळात घ्यायची, वाटेत कुठल्या श्रुतीवर रेंगाळायचे, हे ती सांगत नाही. ते गुरूच्या गळ्यातून घ्यायचे. ३०३मध्ये सरकण्याचा वेळ कारखान्यात ठरलेला आहे, वाजवणाऱ्याला तो बदलता येत नाही. कागदावरच्या कमानीत गाणाऱ्याला मोकळीक तरी होती, इथे ती कमान एकाच मापाची झाली. दरबारी असो की भूप, सगळ्यांना एकच मींड.

हा आक्षेप नवा नाही. पेटीवर तो याहून कडक शब्दांत घेतला गेला. पेटीत मींड नाही, तिचे बारा स्वर ठाम, म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. लखनौ केंद्र १९३८ मध्ये सुरू झालेले, म्हणजे इथे पेटीला जेमतेम दोन वर्षे मिळाली. ती बंदी सैल होऊ लागायला १९७१ साल उजाडले. दरम्यान घरोघरी, नाट्यगृहांत, भजनांत पेटी वाजतच राहिली आणि गायकाला साथ करताना न मिळणाऱ्या मींडेची भरपाई कशी करायची याचे एक शास्त्रच पेटीवाल्यांनी बनवले. म्हणून 'यंत्रात मींड नाही' इथे थांबणारी समीक्षा आळशी आहे. उणीव दिसली की वाजवणाऱ्याने तिचे काय केले, हा पुढचा प्रश्न.

चरणजीत सिंग यांनी कामाची वाटणी केली. ठरलेल्या मापाची मींड त्यांनी बेसला दिली, जिथे ती जलद जाते आणि कानाला लय म्हणून लागते. राग उलगडायचे काम ज्युपिटर-८वर ठेवले. त्याला स्वर वाकवायचा दांडा आहे, आणि स्वरावरून स्वरावर सरकण्याचा वेळही त्यात कमीजास्त करता येतो. काही रागांच्या आरंभी ठोका नसतो. सूर नुसता पसरतो, चार-दोन स्वरवाक्यांत रागाचा चेहरा दिसतो, मग ८०८ सुरू होते. हा आलाप आहे असे मी म्हणणार नाही. पण ठोक्याआधी राग सांगितला पाहिजे, ही शिस्त वाजवणाऱ्याच्या अंगात होती हे ऐकू येते.

रागांची निवडही पाहण्यासारखी आहे. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा थाटांचे दहा राग, असा शालेय हिशेब इथे नाही. मधुवंती, कलावती, बैरागी हे विसाव्या शतकात मैफलीत रुळलेले राग आहेत. रेडिओ आणि तबकड्या ऐकणाऱ्या वादकाची ही यादी आहे. त्यात ललत आणि मालकंस यांत पंचम वर्ज्य. डिस्कोच्या बेसची हाताशी असलेली युक्ती म्हणजे षड्जावरून पंचमावर आणि तिथून तार षड्जावर उडी. या दोन रागांत ती वाटच बंद आहे. पाश्चात्त्य नाचगाण्यात ज्या जागी कॉर्ड बदलतो आणि ऐकणाऱ्याला पुढे ढकलतो, तिथे इथे काहीच बदलत नाही. मला ललत या ध्वनिमुद्रिकेतला सर्वांत भक्कम तुकडा वाटतो तो याच कारणाने. दोन मध्यम शेजारी शेजारी येतात तेव्हा खालचा ठोका कितीही ओळखीचा असला तरी पाय थबकतो. इथे रागाने डिस्कोला वाकवले आहे. उलट भूपालीत पाचच स्वर, सगळे सोयीचे, आणि तिथे राग ठोक्याबरोबर वाहून जातो. ते गोड वाटते, पण लक्षात राहत नाही.

खरी अडचण ठोक्यात आहे. तबला बंद करून त्या जागी डिस्कोचा ठोका ठेवायचा, ही आपली कल्पना चरणजीत सिंग यांनी पुढे मुलाखतीत सांगितली होती. बोलायला सोपे वाटते. पण तबला गेला की त्याबरोबर काल जातो. त्रितालाचे चार विभाग सारखे दिसतात, पण तिसऱ्या विभागात डग्गा मागे सरतो, धिंचे तिं होते, आणि त्या पोकळीवरून गाणाऱ्याला कळते की आता सम किती लांब आहे. स्वरलिपीत त्या जागी भातखंडे शून्य लिहितात. डिस्कोचा ठोका चारही विभागांवर सारखाच पडतो. त्यात शून्य नाही. त्यामुळे समेवर येण्याला अर्थ उरत नाही. सगळीकडेच सम असल्यावर कुठे यायचे? लयही जिथे सुरू होते तिथेच राहते, बढत होत नाही. सलग दहा राग ऐकताना थकवा येतो, तो स्वरांचा नसतो. कुणीच श्वास घेत नाही याचा असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तबला बंद केला म्हणजे एक वाद्य कमी केले, एवढेच झाले नाही. समोरचा माणूस कमी झाला. मैफलीत तबलजी गवयाकडे बघतो. गवई एखादी तान अर्धवट सोडतो, तबलजी ती उचलतो, कधी चुकीची उचलतो आणि त्या चुकीतून पुढचे काही सुचते. यंत्र चुकत नाही म्हणून ते काही सुचवतही नाही. आज लखनौतले गाणे शिकणारे मूलही घरी रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबल्याचे यंत्र लावते. बंगळूरच्या जी. राज नारायण यांच्यासारख्यांनी ही यंत्रे काढली आणि घरात एकट्याने रियाज करणाऱ्या लाखोंची सोय झाली. पण त्या यंत्राबरोबर वाढलेला विद्यार्थी प्रथम माणसाबरोबर बसतो तेव्हा गांगरतो, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. त्याची लय पक्की असते, पण ऐकण्याची सवय नसते.

मग चरणजीत सिंग यांच्या तबकडीत हे एकटेपण का टोचत नाही? मला वाटते, कारण तो माणूस एकटा नव्हता. यंत्रांसमोर बसण्याआधी त्याने कित्येक वर्षे दुसऱ्यांना साथ केली होती. बेसने कुठे मागे राहायचे, समोरचा सूर लांबला की खाली किती कमी वाजवायचे, हे त्याच्या बोटांत होते. त्याने ३०३मध्ये जे भरले ते एका साथीदाराचे शहाणपण होते. यंत्र प्रतिसाद देऊ शकत नाही हे त्याला ठाऊक होते, म्हणून प्रतिसादाची जागा त्याने आधीच कल्पून ठेवली. ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घराच्या आवारात स्टुडिओ उभारला आणि १९९२ मध्ये 'रोजा' आला, तेव्हाही पाठीशी वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवण्याची वर्षे होती. घरातल्या एकांतात ज्यांनी मोठे काम केले ते एकांतात जन्मलेले नव्हते.

याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर ही कौतुकाची गोष्ट होईल. ज्या यंत्रांनी एका साथीदाराला समोर आणले त्याच जातीच्या यंत्रांनी आणि नव्या मुद्रणपद्धतीने पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईचे मोठे वाद्यवृंद मोडले. जिथे साठ माणसे एका दालनात बसत तिथे दोन कीबोर्डवाले पुरेसे झाले. त्या साठांतल्या प्रत्येकाला स्वतःची तबकडी काढायची संधी मिळाली नाही. त्यांना फक्त बोलावणे यायचे थांबले.

हे लिहिताना मी तटस्थ नाही. भाषांतरकारही साथीदारच. गेल्या वर्षी एका प्रकाशकाने मला एका हिंदी कादंबरीचा यंत्राने केलेला मराठी मसुदा पाठवला आणि सांगितले, "मॅडम, फक्त एक हात फिरवून द्या." मानधन नेहमीच्या एक तृतीयांश. कादंबरी लखनौतली. त्यात आजोबा सहा वर्षांच्या नातवाला 'आप' म्हणतात, इथल्या जुन्या घरांत म्हणतात तसे. यंत्राने इमानदारीने 'तुम्ही' केले. मराठीत आजोबा नातवाला 'तुम्ही' म्हणाले की ते रागावले आहेत किंवा थट्टा करत आहेत. पुढच्या पानावर त्याच आजोबांनी 'तू' म्हटले, कारण तिथे वाक्यात सर्वनाम नव्हते आणि यंत्राने अंदाज केला. दोन्ही वाक्ये सुटी पाहिली तर शुद्ध होती. तिथे थांबून या म्हाताऱ्याकडे नीट बघितले पाहिजे, हे मात्र त्याला कळत नव्हते, कारण ते कुणाकडे बघतच नव्हते.

मी तो मसुदा बाजूला ठेवून कादंबरी पहिल्यापासून केली, त्याच पैशांत. हा शहाणपणा होता असे मी म्हणत नाही. पुढच्या वेळी प्रकाशक मला विचारेल की नाही, ठाऊक नाही. पण यंत्र वापरायचेच नाही, असा माझा हट्ट नाही. चरणजीत सिंग यांनी वापरले तसे ते वापरता आले तर कुणाला नको आहे? अट एकच दिसते: जे काम यंत्राला द्यायचे ते आधी आपल्या हातांनी, दुसऱ्या माणसाच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षे केलेले असले पाहिजे. माझ्या पिढीने ते केले आहे. ज्यांना पहिल्याच दिवशी यंत्राचा मसुदा मिळेल त्यांचे काय, ही काळजी मला आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलाबद्दलही तीच.

जूनमध्ये मी त्याला खाली बोलावले आणि म्हटले की तुझ्या यमनात काल नाही. त्याला शब्द कळला नाही. खाली, मी म्हणाले. मग लक्षात आले. त्याने विचारले, हाताने ताल देऊन दाखवाल का, मी मुद्रित करून घेतो. आम्ही वर गेलो, त्याने कूलर बंद केला, माइक माझ्या हातांसमोर धरला. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्यावर टाळी, नवव्यावर हात उलटा सोडला, तेराव्यावर टाळी. पाच-सहा आवर्तने झाली. त्याने लॅपटॉपवर ते रेघांचे चित्र पाहिले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आंटी, नौ पर तो कुछ आया ही नहीं. दोबारा करें?"

मी म्हटले, तेच तर आहे. तिथे काही येत नाही.

त्याने पुन्हा ऐकले. नवव्या मात्रेच्या रिकाम्या जागेत शेजारच्या घराच्या कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. ती पुसून टाकायला त्याचा हात माउसकडे गेला, मग तसाच राहिला. मी खाली आले. यमन अजून पुरा झालेला नाही, पण आता तो शनिवारी संध्याकाळी कैसरबागेकडे तबला शिकणाऱ्या एका मुलाकडे जाऊन बसतो. यंत्र बरोबर नेत नाही, असे म्हणाला.